मनकऱ्याच्या तंबूत गेलेले भास्करराम कोल्हटकर : नागपूरकर भोसल्यांच्या सेनापतीबद्दल बोलूया

काळी माती

राम राम मंडळी.

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. गेल्या महिन्यात सातवीची पोरं घेऊन भामला गेले होते. नागपूर हाती येण्याआधी भोसल्यांचं ठाणं इथे होतं. आधी कान्होजी भोसले, मग त्यांचे पुतणे रघुजी. काका-पुतण्यांचं बिनसलं. १७३० च्या सुमारास वणीजवळ मंदर इथे रघुजींनी काकांना गाठून कैद केलं, तेव्हापासून या भागाची सत्ता त्यांच्याकडे आली. भाममध्ये एकट्या बैराग्यांचीच पाच हजार घरं होती असं जुनी माणसं सांगतात. आता तिथे गवत आहे, पळस आहे आणि अधूनमधून उघडे पडलेले घडीव दगड.

एका पोरीने त्या दगडावर बसून विचारलं, "मॅडम, राजा तर नागपूरला बसला. मग बंगालपर्यंत लढाले कोन गेलं?"

मी भास्करराम कोल्हटकर हे नाव सांगितलं. पण नावापुढे मला चार वाक्यंही नीट सांगता येईनात. ते मनाला फार लागलं. परत आल्यावर मिळेल ते वाचून काढलं. गावच्या वाचनालयाच्या भिंतीवर आपल्या भागाच्या इतिहासाचा एक फलक रंगवायचा आहे. त्यात त्यांच्यावर एक परिच्छेद असावा असं ठरवलंय. म्हणून आधी इथे मांडते. चुकलं तर दुरुस्त करा.

भास्करराम आणि त्यांचे भाऊ कोन्हेरराम, दोघेही भोसल्यांच्या पदरी. भास्करराम रघुजींचे दिवाणही होते आणि फौजेचे म्होरकेही. कागदाचं आणि तलवारीचं काम एकाच माणसाकडे असणं तेव्हा नवलाचं नव्हतं. रघुजी सेनासाहेबसुभा, म्हणजे साताऱ्याच्या शाहू महाराजांचे सरदार. पण सातारा लांब, त्यामुळे पूर्वेकडचे निर्णय नागपूरकरांचेच असत. रघुजी स्वतः कर्नाटकच्या मोहिमेत गुंतले होते. १७४० च्या मे महिन्यात दमलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्तअली पडला आणि १७४१ च्या मार्चमध्ये त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबाला धरलं. पूर्वेची बाजू भास्कररामांवर होती.

१७४१ च्या अखेरीला ते छत्तीसगडात रतनपूरवर गेले. तिथला हैहयवंशी राजा रघुनाथसिंह म्हातारा होता. एकुलता एक मुलगा वारल्याच्या दुःखात बुडालेला. त्याने लढाईच दिली नाही. वाड्याच्या भिंतीवर तोफा डागल्यावर राणीने पांढरं निशाण वर केलं. एक लाख रुपये दंड ठरला. इथे मी थांबले होते. पोरांना हे कसं सांगायचं? विजय म्हणून सांगितला तर तो म्हातारा राजा डोळ्यांपुढून जात नाही.

तिथून पुढे पाचेटच्या जंगलातून बंगाल. १५ एप्रिल १७४२ ला बर्दवानजवळ त्यांनी नवाब अलिवर्दीखानालाच घेरलं. अलिवर्दी ओडिशाहून परतत होता आणि बरीचशी फौज आधीच पांगवून बसला होता. भास्कररामांनी दहा लाख मागितले. नवाब नाही म्हणाला. मग रसद तोडली, आजूबाजूची गावं जाळली, धान्य मिळेना. नवाब लढत-पडत भागीरथीकाठच्या काटव्याला पोहोचला, पण सामानसुमान गेलं. त्यानंतर मागणी एक कोटी आणि सगळे हत्ती इथपर्यंत चढली.

दोन वर्षांनी, ३१ मार्च १७४४ ला, मुर्शिदाबादजवळ मनकरा इथे तहाच्या बोलण्यासाठी बोलावून त्यांना सरदारांसकट मारलं. मधलं आणि त्या शेवटच्या दिवसाचं ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी लिहावं.

---

पऱ्हाटी

मॅडम, वाचून काढलं सारं. आमच्या वावरात सध्या डवरन सुरू हाय, दुपारच्याले बांधावर बसून वाचलं. एक इचारतो. हा बारगीर म्हंते थो कोन? आमचा आजा सांगे का आमच्या घरान्यात कोनीतरी भोसल्याच्या फौजेत बारगीर होता, पन घोडं थ्याचं नव्हतं. ज्याचं घोडं नाई थो कायचा घोडेस्वार, असं मले लहानपनी वाटे.

---

मोडीवाचक

पऱ्हाटीभाऊ, आजोबांनी अगदी बरोबर सांगितलं. स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. सरकारच्या किंवा सरदाराच्या पागेतलं घोडं आणि हत्यार घेऊन लढणारा तो बारगीर. शिलेदाराला वेतन जास्त, पण घोडं मेलं तर तोटा त्याचा. म्हणून तो जपून लढायचा. बारगिराला ती भीती नव्हती.

बंगालात ज्यांनी लूट केली ते सगळेच बारगीर नव्हते, पण तिथल्या लोकांच्या तोंडी तोच एक शब्द बसला, बर्गी. पुढे मराठा म्हणजेच बर्गी असं झालं.

ताई, तुमची मांडणी चांगली झाली आहे. मधला भाग मी भरतो.

बंगालवर स्वारी का झाली हे आधी लक्षात घ्यायला हवं. अलिवर्दीखान मूळचा बिहारचा नायब. १० एप्रिल १७४० ला गिरियाच्या लढाईत त्याने आपलाच नवाब सर्फराजखान याला मारून गादी बळकावली. सर्फराजचा मेहुणा रुस्तुमजंग ओडिशाचा नायब होता. त्याने हे मानलं नाही, लढला आणि हरून दख्खनेत पळाला. त्याचा दिवाण मीर हबीब. हा मूळचा इराणातल्या शिराझचा, हुगळीत फिरून माल विकणारा. लिहितावाचता येत नव्हतं म्हणतात, पण डोकं असं की भल्याभल्यांना ऐकत नसे. या पक्षाने नागपूरकडे मदत मागितली. रघुजींना चौथाईचा हक्क सांगायला निमित्त हवंच होतं.

बर्दवाननंतर मीर हबीब मराठ्यांच्या हाती लागला आणि त्यांचाच झाला. इथून भास्कररामांच्या कामगिरीची दिशा बदलली. पावसाळा तोंडावर आला होता. भास्कररामांचा विचार परत नागपूरला फिरायचा होता. आपल्याकडच्या कोणत्याही सेनानीने तोच केला असता, दसऱ्याला निघायचं आणि मृगाआधी घरी. मीर हबीबने त्यांना अडवलं. म्हणाला, मुर्शिदाबाद उघडं पडलंय. आणि त्याने ते करून दाखवलं. सातशे घोडेस्वार घेऊन ६ मे १७४२ ला तो राजधानीच्या परिसरात घुसला आणि जगतशेठ फत्तेचंदच्या पेढीतून लाखो रुपये उचलले. नवाब दुसऱ्या दिवशी पोहोचला तेव्हा हे निघून गेले होते.

यानंतर मराठ्यांनी पावसाळा काटव्यालाच काढला. हुगळी घेतली, तिथे शेषराव नावाचा अंमलदार बसवला. गंगेच्या, म्हणजे भागीरथीच्या पश्चिमेचा मोठा मुलूख काही महिने त्यांच्या हुकमतीत होता. कलकत्त्याच्या इंग्रजांनी आणि तिथल्या रहिवाशांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला, मराठा खंदक. सात मैलांचा बेत, तीनेक मैल खणला, पुढे सोडून दिला. नंतर तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोडचा भाग गेला.

माझं मत स्पष्ट सांगतो. भास्कररामांचा पहिला अंदाज खरा होता आणि त्यांनी तो बाजूला ठेवला, तिथेच पुढचं सगळं बिघडलं. घोडदळाची ताकद वेगात. पावसाळ्यातल्या बंगालात, अजय आणि भागीरथी या दोन नद्यांच्या बेचक्यात, नावा नसलेलं घोडदळ म्हणजे दावणीला बांधलेलं जनावर.

आणि तसंच झालं. आश्विन आला. भास्कररामांनी काटव्याजवळ मोठ्या थाटात दुर्गापूजा मांडली. तिथल्या जमीनदारांना नजराणे आणायला लावले. नवमीच्या पहाटे, २७ सप्टेंबर १७४२, अलिवर्दीने रातोरात नावांचे पूल बांधून नदी ओलांडली आणि झोपेतल्या छावणीवर कोसळला. लढाई अशी झालीच नाही. पूजा तशीच टाकून फौज पाचेटकडे पळाली.

पण इथे त्यांचा गुण दिसतो. एवढा मार खाल्ल्यावर माणूस घरची वाट धरतो. ते मिदनापूरवरून ओडिशात उतरले, तिथला नायब शेख मासूम याला लढाईत मारलं आणि कटक घेतलं. डिसेंबरात अलिवर्दीने त्यांना चिल्का सरोवरापलीकडे हाकललं तेव्हाच ही मोहीम संपली.

---

पऱ्हाटी

म्हंजे शिलेदार म्हनजे सोताची बैलजोडी असलेला कास्तकार, अन बारगीर म्हनजे मालकाच्या जोडीवर राबनारा सालदार. आता समजलं. आजाची गोष्ट खरी होती त मंग.

पन दादा, सालदाराले सालाचं ठरलेलं भेटते. या बारगिराईले पगार टायमावर भेटे का? काहून का आपल्याकडं ज्याले मजुरी भेटत नाई थो वावरातलं उचलून नेते.

---

मोडीवाचक

भाऊ, मुळाशी गेलात. त्या काळच्या फौजांचं वेतन नेहमी थकलेलं असे. सरदार कर्ज काढून फौज उभी करायचा आणि मुलुखगिरीतून ते फेडायचा. रघुजींवरही देणं होतं. चौथाई म्हणजे मुलखाच्या महसुलाचा चौथा हिस्सा. तो मिळाला तर सगळ्यांचं निभायचं. नाही मिळाला तर फौज आपला पगार गावातून वसूल करायची. ज्या शेतकऱ्याने चौथाई नाकारलीच नव्हती, त्याच्या घरातून.

---

वणीकर

ताई, मंदरचा उल्लेख वाचून बरं वाटलं. आमच्या तालुक्यात असूनही पोरांना ठाऊक नाही.

पण मला फलकाबद्दल बोलायचं आहे. भास्कररामांचा विश्वासघात झाला, हे आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. सांगितलंच पाहिजे. मात्र बंगालच्या पश्चिम भागात त्या दोन-तीन वर्षांत काय झालं, तेही आपल्याच तोंडाने सांगायला हवं. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने १७५१ च्या सुमारास त्यावर काव्य लिहिलं. माणसांचे हात, नाक, कान कापणं, बायकांवर अत्याचार, जळती गावं, गंगेपलीकडे पळणारी माणसं, सगळं त्यात आहे. विणकर आणि रेशमाचं काम करणारे घरदार टाकून पूर्वेला गेले. यातलं काही कवीने वाढवून सांगितलंय असं म्हटलं तरी इंग्रज, डच कोठ्यांचे कागद तेच बोलतात. सेनापतीच्या हुकमाने झालं की हुकमाबाहेर, हा वाद घालता येईल. जबाबदारी त्याच्याकडून सुटत नाही.

मी आठ वर्षं ग्रामपंचायतीत काढली आहेत. खालच्या माणसाने केलं, मला माहीत नव्हतं, असं म्हणणारा सरपंच मी पाहिलाय. गाव त्याला माफ करत नाही.

---

तात्या नरखेड

वणीकरांशी मी सहमत आहे. तरी एक बाजू मांडतो.

आमचं नरखेड म्हणजे देवाजीपंत चोरघड्यांचं गाव, साडेतीन शहाण्यांतले एक. नागपूरच्या दरबारातल्या मुत्सद्द्यांच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. त्यामुळे भास्कररामांच्या मरणाकडे मी दरबाराच्या बाजूने पाहतो. मला नेहमी पडणारा प्रश्न असा, की एवढा अनुभवी माणूस थोड्या सरदारांनिशी शत्रूच्या तंबूत गेलाच का?

उत्तर १७४३ मध्ये आहे. त्या वर्षी रघुजी स्वतः भास्कररामांसह बंगालात उतरले. तिकडून दिल्लीच्या बादशहाच्या सांगण्यावरून पेशवे बाळाजी बाजीरावही फौज घेऊन आले, मराठ्यांना मराठ्यांपासून रोखायला! ३० मार्चला पलाशीजवळ पेशवे आणि अलिवर्दी भेटले. शाहू महाराजांना चौथाई आणि पेशव्यांना मोहिमेच्या खर्चाचे बावीस लाख ठरले. पेशव्यांनी रघुजींचा पाठलाग केला, भास्कररामांच्या तुकडीलाही पेशव्यांच्याच फौजेचा तडाखा बसला. शेवटी शाहू महाराजांनी दोघांना बोलावून समेट केला. ३१ ऑगस्ट १७४३ ला वाटणी झाली. माळवा, आग्रा, अजमेर, अलाहाबाद पेशव्यांकडे आणि बंगाल, ओडिशा, अवध ही बाजू रघुजींकडे.

आता भास्कररामांच्या जागी बसून पाहा. १७४४ च्या मार्चमध्ये ते वीस हजार स्वार घेऊन पुन्हा बंगालात आले तेव्हा त्यांच्या पाठीशी साताऱ्याची सनद होती. पेशवे मध्ये येणार नव्हते. नवाबाचा खजिना दोन वर्षांच्या लढायांनी रिता झालेला. त्यांना वाटलं असणार, आता हा माणूस पैशावर तोड काढणारच. माझ्या मते ते गाफील नव्हते. त्यांचा हिशेब बरोबर होता, फक्त समोरच्याने तो दुसऱ्याच पद्धतीने चुकता केला.

अलिवर्दीने आपला अफगाण सेनापती मुस्तफाखान याला हाताशी धरलं. काम झालं तर बिहारची सुभेदारी देतो म्हणाला. मुस्तफाखान आणि राजा जानकीराम हे दोघे भास्कररामांच्या छावणीत गेले. एकाने कुराणावर आणि दुसऱ्याने गंगाजल-तुळशीवर हात ठेवून शपथ घेतली असं सांगतात. आधी भास्कररामांचा सरदार अली करावल नवाबाला भेटून आला. त्याची अशी बडदास्त ठेवली की तो खात्री पटूनच परतला.

मनकऱ्याच्या मैदानात प्रचंड तंबू उभारला होता. कनातींच्या आड हत्यारबंद माणसं. भास्करराम विसेक सरदारांसह आत आले. नवाब लांब टोकाला बसलेला. त्याने विचारलं, यातले भास्कर पंडित कोण? कोणीतरी दाखवलं. त्याने खात्री करून घेण्यासाठी पुन्हा विचारलं. मग इशारा झाला आणि कनाती फाटल्या.

एकटा रघुजी गायकवाड वाचला, कारण तो तंबूत गेलाच नव्हता. त्याला आधीपासून संशय होता, तो छावणीतच थांबला. बातमी येताच उरलेली फौज उचलून तो बंगालबाहेर सुखरूप निघाला. या माणसाचं नाव कुठल्या चौकाला नाही. फलकावर जागा असेल तर ताई, त्यालाही घ्या.

मुस्तफाखानाला बिहार मिळालं नाही. पुढच्याच वर्षी त्याने नवाबाविरुद्ध बंड केलं आणि त्यात तो मारला गेला.

---

मुलचेऱ्याचा

नमस्कार. मी हा धागा दोन दिवस वाचतो आहे आणि लिहू की नको करत होतो.

आम्ही बंगाली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना १९६० च्या दशकात चामोर्शी-मुलचेरा भागात वसवलं, त्यातलंच आमचं कुटुंब. माझा जन्म इथला, शाळा इथली, बायको गोंडपिपरीकडची मराठी. घरी आजीशी बंगाली, बाहेर मराठी, बाजारात माडिया बोलणारी माणसं. आजीचं माहेर खुलन्याकडचं.

आमच्या घरात लहान मूल झोपवताना जे गाणं म्हणतात त्यात बर्गी येतात. बाळ निजलं, बर्गी देशात आले, आणि पाखरांनी धान खाऊन टाकलंय तर आता शेतसारा कशातून भरायचा, अशी काळजी आहे त्यात. मी लहानपणी समजायचो की बर्गी म्हणजे एखादा राक्षस असेल. पाचवीत असताना गुरुजींनी मराठ्यांचा इतिहास शिकवताना बारगीर हा शब्द फळ्यावर लिहिला. मी घरी येऊन आजीला विचारलं, बर्गी आणि बारगीर एकच का? तिला माहीत नव्हतं. तिला फक्त चाल माहीत होती.

काल रात्री तिला हा सगळा धागा बंगालीत वाचून दाखवला. पंच्याऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, मोठ्याने वाचावं लागलं. भास्कर पंडितांना तंबूत बोलावून मारलं हे ऐकल्यावर तिने तांदूळ निवडायचं थांबवलं. "जेवायला बोलावून मारलं?" मी म्हटलं, बोलणी करायला. ती म्हणाली, "बोलावून म्हणजे बोलावूनच." मग वणीकर काकांचं वाचलं, घरं जाळली ते. तिने सूप पुन्हा हातात घेतलं आणि निवडू लागली. पुढे काही बोलली नाही.

मला एक सुचतं, पटतं का बघा. वणीकर काकांनी लिहिलं की लोक गंगेच्या पूर्वेला पळाले. आजीचं गाव पूर्वेलाच. ते गाणं पळालेल्यांबरोबरच तिकडे गेलं असेल का? आणि दोनशे वर्षांनी तिकडून पळालेल्यांबरोबर ते इथे आलं, भोसल्यांच्याच मुलखात. आमच्या शेतातही धानच आहे. पाखरं अजून खातात, आणि आजी बांधावर डबा वाजवत तीच चाल म्हणते.

फलकावर बंगालच्या माणसांबद्दल एक ओळ असली तर आम्हाला बरं वाटेल. भास्कर पंडितांचं नाव मोठ्या अक्षरातच ठेवा, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

---

पऱ्हाटी

दादा, मीबी पाखरं हाकलतो, ज्वारीवरची. थाळी वाजवतो. आजीले माहा नमस्कार सांगजा.

---

अचलपूरची लेक

मुलचेऱ्याच्या दादांचं वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात जोडते, कारण शेवट आमच्या वऱ्हाडात आहे. सेनापतीचा सूड म्हणून १७४५ मध्ये रघुजी स्वतः उतरले आणि तीन कोटी मागितले. कटक घेतलं. नंतर सहा वर्षं दरसाल ओढाताण. १७५१ मध्ये म्हातारा अलिवर्दी थकला आणि तह झाला : दरसाल बारा लाख चौथाई, ओडिशाचा कारभार मीर हबीबच्या हातून पण वसूल नागपूरला, हद्द सुवर्णरेखा नदी. मीर हबीब पुढच्याच वर्षी मराठ्यांच्याच हातून मारला गेला. बंगालच्या रयतेवर अलिवर्दीने 'चौथ मराठा' नावाचा जादा कर बसवला. आजीच्या गाण्यातला सारा कदाचित इथूनच आला असेल.

ओडिशा १८०३ पर्यंत भोसल्यांकडे राहिला. कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या जगन्नाथ मंदिरापुढे उभा केला तो मराठ्यांच्याच काळात. मग ऑक्टोबर १८०३ ला इंग्रजांनी कटक घेतलं. २९ नोव्हेंबरला अडगावला, आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात, व्यंकोजी भोसल्यांची फौज वेलेस्लीपुढे मोडली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहात कटक, बालासोर कायमचं गेलं. माझं माहेर गाविलगडच्या पायथ्याशी. त्या पडक्या दरवाजावरचा गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा पक्षी, मी किती वेळा पाहिला असेल, पण ही किल्ल्याची भिंत आणि बंगालचा समुद्र एका दोरीत बांधलेले आहेत हे आज समजलं.

नागपुरात पितृपक्षात मस्कऱ्या गणपती बसतो, त्याची सुरवातही बंगालच्या स्वारीहून परतलेल्या चिमणाबापू भोसल्यांशी जोडतात. नेहमीच्या गणपतीला ते पोहोचू शकले नाहीत म्हणून. पितृपक्षात देव बसवणारं दुसरं गाव मला ठाऊक नाही. ताई, मुलांना हे नक्की सांगा, त्यांना आवडेल.

---

वणीकर

मुलचेऱ्याच्या भाऊ, तुमच्या आजीने जे विचारलं ते मी उद्या आमच्या हरिपाठाच्या मंडळींना सांगणार आहे. बोलावून म्हणजे बोलावूनच. तात्यांनी हिशेबाचं लिहिलं ते पटलं, पण या वाक्याने मला मनकरा जास्त कळला.

ताई, रतनपूरचा राजा फलकावर ठेवा. काढू नका.

---

मोडीवाचक

एक दुरुस्ती स्वतःच्याच लिहिण्यात. काटव्याच्या मुक्कामाची चूक मी सगळी भास्कररामांच्या माथी मारली. ती त्यांचीच, पण एकट्याची नाही. रघुजी तेव्हा शेकडो कोस दूर. इकडून पत्र तिकडे जायला आठवडे लागायचे. अशा जागी सेनापती म्हणजेच दरबार, आणि त्याने एकदा "थांबतो" म्हटलं की नागपूरलाही थांबावंच लागे. रघुजींनी त्यानंतरही १७४३ ला त्यांना सोबत घेतलं आणि १७४४ ला पुन्हा त्यांनाच पाठवलं. धन्याचा भरवसा किती होता ते यावरून कळतं.

---

काळी माती

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलं.

पेंटर रविवारी येणार आहे. त्याने भिंतीवर आधी पांढरा हात मारून ठेवलाय. मजकूर एवढा झाला :

"भास्करराम कोल्हटकर. नागपूरकर रघुजी भोसल्यांचे दिवाण आणि सेनापती. १७४१ ते १७४४ या काळात रतनपूर, बंगाल आणि ओडिशावर स्वाऱ्या. रतनपूरच्या पुत्रशोकात असलेल्या राजाकडून दंड घेतला. बर्दवानला नवाबाला घेरलं, काटव्याला दुर्गापूजेच्या नवमीला हरले, तरीही कटक घेतलं. या स्वाऱ्यांत बंगालच्या गावांनी फार सोसलं, तिथे आजही बाळाला निजवताना बारगिरांचं नाव घेतात. ३१ मार्च १७४४ ला मनकरा इथे तहासाठी बोलावून त्यांना सरदारांसह मारण्यात आलं. उरलेली फौज रघुजी गायकवाड यांनी परत आणली."

पोरांनी अजून एक केलं. नकाशावरून हिशेब काढला की नागपूर ते काटवा सरळ रेषेतच साडेनऊशे किलोमीटरच्या वर भरतं. शाळेच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने रेघ मारली, एका पावलाला दहा किलोमीटर. ध्वजाच्या खांबाशी नागपूर, मध्ये रतनपूर, पाचेट, बर्दवान आणि पार कुंपणाजवळ काटवा. भामला प्रश्न विचारणारी ती पोरगी सगळी पावलं मोजत गेली. शेवटच्या खुणेपलीकडे भागीरथी म्हणून तिने निळ्या खडूचा पट्टा ओढला आणि मला विचारलं, "मॅडम, त्या आजीचं गाव कुठं मांडू?"

कुंपणाच्या आत जागा उरली नव्हती. मुलचेऱ्याच्या दादा, खुलन्याची खूण आम्ही फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, चिंचेखाली केली आहे. तिथे तिने एक चपटा दगड ठेवलाय, पावसाने पुसली तरी जागा राहावी म्हणून. आजींना सांगा.